पाखरीचा दुसरा नंबर

शर्यतीच्या दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरातलं चहाचं पातेलं चुलीवरून उतरलं नाही. पाखरी दुसरी आली होती. आयुष्यात पहिल्यांदा पळत होती. सुटायच्या वेळी हलगीला बुजून तिनं तोंड उलटं फिरवलं, बाकीचे घोडे धुरळ्यात दिसेनासे झाल्यावर ती निघाली, आणि तरीही दुसरी आली. जत्रेत हजर असलेल्या प्रत्येकानं हे पाहिलं होतं, आणि पाहिलेल्या प्रत्येकाला वाटत होतं की या घोडीचं पुढं काय होणार हे आपल्या एकट्यालाच कळलंय. ते सांगायला माणसं तेरहून यायची, नदीपलीकडून यायची, कामधंदा टाकून यायची. वडील, म्हणजे आमचे अण्णा, ओसरीवर बसून सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. आई आतून कपबशा सरकवायची आणि मला म्हणायची, "पळाली घोडी, अन् दम लागलाय मला."

आता पन्नाशी ओलांडल्यावर ते दिवस मला वारंवार आठवतात त्याला माझा धंदाच कारण आहे. मी धाराशिवात एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे, मुलींना खो-खो शिकवते. मुलगी पहिला सामना खेळली की दुसऱ्या दिवशी तिचे आईवडील मैदानाच्या कडेला येऊन उभे राहतात. "बाई, काय दिसतंय का हिच्यात? जाईल का पुढं?" हल्ली तर सामन्याचं चित्रण मोबाईलवर घेऊनच येतात, आणि पोरीनं सूर कसा मारला ते मला तीन-तीनदा दाखवतात. मी बघते, पण लगेच काही बोलत नाही. पहिल्या सामन्यावरून बोलणाऱ्यांचा आवाज मी लहानपणी पोटभर ऐकलेला आहे.

पाखरीच्या घराण्याबद्दल मात्र वाद नव्हता. तिची आई चंद्री. चंद्री सबजी होती, म्हणजे राखेवर चांदणं पडल्यासारखी पांढरी, आणि तिच्या उमेदीत तिला मागं टाकलेलं घोडं आमच्या भागात कुणाला आठवत नव्हतं. बाप म्हणजे येडशीजवळच्या एका बागायतदारानं आणलेला, पुण्याच्या रेसमधून बाद झालेला उंच, लांब मानेचा घोडा. त्याचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून लोकांनी त्याचं नाव 'पुणेकर' ठेवलं. पुणेकर कडबा बारीक कातरून दिल्याशिवाय तोंड लावत नसे आणि पाण्याची बादली घासलेली नसली तर नाकानं लोटून द्यायचा. पण त्याची चाल बघायला माणसं लांबून यायची. त्या दोघांची ही पाखरी. रंगानं कुमैत, खारकेसारखी तांबूस, आयाळ काळी, कपाळावर करंगळीच्या नखाएवढा पांढरा टिकला. ती एका जागी कधी उभी राहत नसे. घरामागच्या तबेल्यात शहाबादी फरशी होती, तिच्यावर तिच्या खुरांचा आवाज दिवसभर चालू असायचा. चार पावलं इकडं, चार तिकडं. त्या आवाजात आम्ही जेवलो, अभ्यास केला, भांडलो. आवाज थांबला तरच आई मान वर करायची.

सगळ्यात मोठ्यानं बोलणारे तात्या, अण्णांचे चुलत भाऊ. त्यांचा मोती त्याच शर्यतीत चौथा आला होता. त्याचा त्यांच्या बोलण्यावर काही परिणाम झालेला दिसला नाही.

"अण्णा, ही घोडी फुडच्या जत्रंला पैली. आताच लिवून घ्या."

"तुमचा मोती चवथा आला म्हनं, भावजी," आई आतून म्हणाली.

"म्हणून तर सांगतोय, वैनी! हिची शेपूट माझ्याइतकी कुणी बघितलीय का?"

मग तात्या तबेल्यात गेले, पाखरीचा जबडा वर करून गळ्यावरचा केसांचा भोवरा सगळ्यांना दाखवला. तो देवमण. तो असला की घोडं मालकाचं नाव काढतं, असं जाणती माणसं धरून चालायची. एका पाहुण्यानं तेवढ्यात डाव्या डोळ्याखाली दुसरा भोवरा शोधला आणि हा मालकाला रडवणारा असतो असं सांगितलं. दोन भोवऱ्यांत जोर कुणाचा, यावर अख्खी दुपार गेली. शेवटी पाखरीनं तात्यांची टोपी दातात धरून ओढली आणि बैठक मोडली.

या सगळ्यात एकच माणूस गप्प होता, माझा मोठा भाऊ बापू. शर्यतीत पाखरीवर तोच बसला होता. तो धाराशिवला कॉलेजात शिकायचा, जत्रेसाठी आलेला, आणि परत जायचं नाव काढत नव्हता. एका सकाळी भाकरीवर शेंगाची चटणी घेता घेता तो खाली बघूनच म्हणाला, "अण्णा, तिला अजून पळता येत हुतं."

"म्हंजे?"

"म्या टाच मारली, वादी मारली, घसा फाटंस्तोर वरडलो. ती गेलीच न्हाय फुडं. त्या सगळ्यांच्या फुडच्या सबज्या घोडीला गाठलं, अन् तितंच ऱ्हायली."

"दमली आसंल. मागून आलती."

"दमली न्हाय. म्या उतरलो तर नाकपुड्या सुदिक फुगल्या नव्हत्या."

अण्णांनी हात धुतला, ताटात भाकरी अर्धी तशीच होती. ते तबेल्याच्या दारात जाऊन उभे राहिले. त्या दिवसापासून पाहुणे येत राहिले, पण अण्णा त्यांचं ऐकेनासे झाले. बोलणाऱ्याच्या डोक्यावरून ते तबेल्याकडं बघत बसायचे. दोन-तीन दिवसांनी त्यांनी आईला निकाल सांगितला. "पुणेकराला त्या लोकांनी उगंच बाद केला न्हाय. पायात बळ हाय, पर छाती न्हाय. फुडं जायाचं म्हणलं की कच खातंय. तेच रगात हितं आलंय."

आता मला आमच्या घरची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. शिंगरू वर्षाचं झालं की आमच्याकडं त्याला आईच्या पाठीला लावायचे. म्हणजे त्याच्या गळ्यातली दोरी आईच्या पोटपट्ट्याला डाव्या अंगानं बांधायची, आईवर माणूस बसवायचा आणि माळावर दौड करायची. शिंगराला आईच्या पावलांचा ताल मिळतो, ते अडखळत नाही, खड्डा बघून बिचकत नाही. काही महिन्यांनी दोरी सोडली तरी ते तिथंच, तसंच पळतं. ही रीत आजोबांची. ती शिकायला लोक आमच्या दारात आलेले मी पाहिलेत, आणि अण्णा ती सांगताना जरा ताठ बसायचे.

बापू कॉलेजला गेल्यावर हे काम माझ्याकडं आलं, कारण दुसरं कुणी नव्हतं. परकराखाली बापूची जुनी विजार चढवून मी उजाडता उजाडता चंद्रीला माळावर काढायची. आईला ते पसंत नव्हतं. "सोयरीक घिऊन येतील त्यास्नी काय सांगू? पोरगी घोडं चांगलं शिकवती, भाकरी मातर वातड करती?" असं म्हणायची, आणि परत आले की गरम भाकरी माझ्याच ताटात आधी टाकायची. पाखरी शिंगरू होती तेव्हापासून रोज सकाळी तिचं नाक माझ्या डाव्या गुडघ्याशी असायचं. ओलं आणि गरम. माझ्या प्रत्येक परकराचा डावा काठ तिच्या फेसानं कडक झालेला असायचा.

शर्यत मी आईबरोबर बैलगाडीत उभी राहून पाहिली होती. सबजी घोडी सगळ्यांच्या पुढं होती, तिच्यावर पिवळ्या सदऱ्याचा माणूस. पाखरी मागून आली. मधले घोडे तिनं वाटेतल्या झुडपांसारखे बाजूला टाकले, त्यांच्याकडं बघितलंही नाही, सबज्या घोडीला गाठलं आणि पिवळ्या सदऱ्यावाल्याच्या डाव्या गुडघ्याशी नाक नेऊन ठेवलं. लोक ओरडत होते, "आली! आली! निघाली आता!" ती निघाली नाही. तेव्हाच मला सगळं समजलं असं म्हणणं खोटं होईल. काहीतरी ओळखीचं दिसलं आणि आवडलं नाही, एवढंच. बापूनं भाकरी खाता खाता जे सांगितलं त्यानंतर मात्र माझं मन लागेना. ती जागा कुठली ते मला माहीत होतं. पाखरी भ्याली नव्हती. ती आपल्या जागेवर येऊन पोचली होती.

हे अण्णांना सांगायचं म्हणजे आजोबांची रीत चुकली असं सांगायचं. आमच्या घरात ते कुणी सांगितलं नसतं, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीनं तर नाहीच. म्हणून मी आधी स्वतःची खात्री करून घ्यायचं ठरवलं. सकाळी चंद्रीला दौडीत घातलं आणि हळूहळू आवरलं. पाखरी आवरली. चंद्रीला चालीवर आणलं, पाखरी चालीवर आली. थांबवलं, थांबली. दुसऱ्या दिवशी चंद्रीला बांधाआड बांधून मी पाखरीवर एकटी बसले. ती जागची हलेना. गोल फिरायची, कान टवकारायची, खिंकाळायची. एवढ्यात बांधाआडून चंद्रीनं साद दिली आणि माझ्या खालून जमीन गेली. लगाम कधी सुटला कळलं नाही, मी आयाळ धरून पडले होते तिच्या मानेवर. त्याआधी आणि त्यानंतर आजवर मी तितक्या वेगानं कशावरही बसले नाही, आणि मी बऱ्याच खटारा जीपांमधून खेळाडू घेऊन फिरलेली बाई आहे.

घरी आले तर अण्णा बापूला सांगत होते, "रशीदभाईला निरोप दे. येळवशीला शेतात जेवाय या म्हणावं. अन् येताना दावं घिऊन या."

आमच्याकडं जनावर विकलं तरी घरचं दावं देत नाहीत. घेणारा आपलं नवं घेऊन येतो. दावं घेऊन या म्हटलं की सौदा झाला. रशीदभाईंचा धाराशिवात लग्नाचा बँड होता आणि वरातीसाठी त्यांना देखणी घोडी हवी होती. माणूस चांगला. त्यांच्याकडच्या जनावरांचं अंग नेहमी चकचकीत असायचं. पण वरातीच्या घोडीला पुढचे पाय बांधून नाचायला शिकवतात, आणि एका हलगीला उलटी फिरलेली ही घोडी उभा जन्म ताशा-बँडच्या तोंडाशी उभी राहणार होती. कशासाठी, तर छाती नाही म्हणून. छाती होती की नव्हती हे कुणी तपासलंच नव्हतं.

येळवस, म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या, चार दिवसांवर आली होती. घरात आंबिलीचं मडकं बुडबुडायला लागलं होतं, ताकाचा आणि ज्वारीच्या पिठाचा आंबूस वास ओसरीपर्यंत यायचा. भज्जीसाठी, म्हणजे येळवशीच्या मिश्र भाजीसाठी, तुरीच्या, वालाच्या, हरभऱ्याच्या शेंगा सोलायला आई मला सूप घेऊन बसवायची आणि मी दोन मुठी सोलून उठायची. तबेल्यापर्यंत जायची, परत यायची. पुन्हा उठायची.

"कांते, बूड टेकव की एका जागी. त्या घोडीचं वारं लागलंय का तुला?"

"आई, अण्णा चुकत्यात."

"कशात?"

मी सांगितलं. आईचे हात सोलायचे थांबले नाहीत. सगळं ऐकून ती म्हणाली, "मला सांगून काय हुतंय? मला काय घोडी इकायची हाय?"

येळवशीला अख्खा गाव शेतात असतो. आमच्या शेतात कडब्याची कोप उभी केली होती, आत चुन्यानं रंगवलेल्या पाच दगडांची पूजा झाली, बापूनं चारी दिशांना आंबील शिंपडली आणि पंगत बसली. भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, आणि पितळी पेल्यांत आंबील. आमच्याकडं त्या दिवशी वाटेनं चाललेल्या माणसालासुद्धा ओढून जेवायला बसवतात. तात्या मोतीवर बसून आले होते. रशीदभाई आले ते खांद्यावर नवंकोरं दावं टाकून, त्याला लाल गोंडे लावलेले. चंद्री आणि पाखरी विहिरीजवळच्या लिंबाला बांधल्या होत्या. पाखरी दोरीएवढ्या जागेत फेऱ्या मारत होती.

जेवणं झाली, रशीदभाईंनी मिशा पुसल्या आणि ते उठले. मीही उठले.

"अण्णा, द्यायच्या आधी एकदा पळवून तरी दावा की. रशीदभाईंनी कुठं बघितलीय पळताना?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. ते काही म्हणायच्या आत रशीदभाईच हसले. "बेटा, मला कशाला पळवून दावता? नवरदेवाला घिऊन पळाली तर नवरीच्या बापाला जवाब कोन दील?"

पंगत हसली. पण तात्यांना शर्यत म्हटलं की राहवत नसे. "पळू द्या की! उंडे तरी जिरतील." ते मोतीवर बसलेसुद्धा. बापूनं अण्णांकडं एकदा बघितलं, आणि पाखरीवर मांड टाकली. आमच्या शेताला लागून लांबलचक पड रान होतं, त्याच्या टोकाला एक बाभळ. विहिरीपासून बाभळीपर्यंत पळायचं ठरलं. मी तात्यांच्या रिकिबीजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "तात्या, अर्ध्यात गेलात की मोतीला आवरा."

"का गं?"

"आवरा तर."

सुटले. मोती पुढं होता, पाखरीनं त्याला लगेच गाठलं आणि नाक तात्यांच्या डाव्या गुडघ्याशी नेलं. बापू तिला टाचा मारत होता, लांबूनही दिसत होतं. अर्ध्यात तात्यांनी मोतीला आवरलं. पाखरी आवरली. मोती चालायला लागला, पाखरी चालायला लागली. तात्या रानाच्या मधोमध थांबले. पाखरीही थांबली. तात्यांनी मान वाकवून आपल्या गुडघ्याकडं बघितलं आणि तिथूनच ओरडले, "आता काय करू गं? उतरून इचारू का हिला?"

लोक पोट धरून हसले. अण्णा हसले नाहीत. मी कुणालाही न विचारता चंद्रीला सोडलं आणि तिला घेऊन पळत बाभळीपाशी गेले. तात्या आणि बापू विहिरीकडं परतले, मी हात वर केला, ते पुन्हा सुटले. चंद्रीनं एकदाच साद दिली. त्यानंतर मोती पळत होता असं म्हणायला काही अर्थ उरला नाही. पाखरी पोटाशी जमीन टेकावी तशी खाली होऊन आली, बापू तिच्यावर पोत्यासारखा हिंदकळत होता, आणि माझ्या अंगावर ढेकळांचा मारा करत ती चंद्रीच्या डाव्या अंगाला येऊन थांबली. नाक पोटपट्ट्याच्या जागी टेकवलं आणि उभी राहिली. एक पाय हलवला नाही. मी तिला तशी स्वस्थ उभी कधी पाहिली नव्हती.

तात्या बऱ्याच वेळानं पोचले. धूळ थुंकत म्हणाले, "मोतीला वाटलं आपल्याला बांधूनच ठिवलंय."

दोघींना बापूच्या हवाली करून मी कोपीपाशी परत आले. मी अण्णांसमोर उभी राहिले आणि एका दमात बोलून टाकलं. "ती भित न्हाय, अण्णा. रगाताचं बी काय न्हाय. तिला आपुन शिकवलंय तितं थांबाय. रोज शिकवलंय. शर्यतीत ती सबजी घोडी बघून तिला चंद्रीच वाटली."

अण्णांनी बाभळीकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "बरं. मग दर जत्रंला काय करायचं? चंद्रीला निशाणाखाली उभी करायची?"

लोक पुन्हा हसले. इतके दिवस मी फक्त एवढंच शोधलं होतं की अण्णा कुठं चुकले. त्यापुढं घोडीचं काय करायचं हा विचार मी केलाच नव्हता. आजही एखादी पोर खो मिळून पाटीवरून उठताना आधी संघातल्या थोरल्या बहिणीकडं बघते, हे मला पहिल्याच दिवशी दिसतं. ते तिच्यातून काढायचं कसं, याला मात्र कधी कधी दोन हंगाम जातात, आणि कधी कधी ते निघतच नाही.

अण्णा उठले आणि चालत बाभळीपर्यंत गेले. चंद्रीच्या डाव्या कुशीवरून त्यांनी हात फिरवला. तिथं दोरी घासून घासून केस गेले होते, चामडीचा गुळगुळीत पट्टा पडला होता. तो आम्ही रोज बघत होतो. त्या पट्ट्यावर हात ठेवून ते उभे राहिले, आणि मागं पंगतीत माणसं उगीच पेले भरून घेऊ लागली. परत आले तेव्हा रशीदभाई दाव्याचा पीळ सोडत होते.

"मग अण्णा, बांधू का?"

"न्हाय रशीदभाई. घोडीत खोड आसती तर दिली आसती. ही खोड आमच्या घरची हाय."

"माझ्या कामात तिचा काय तरास, अण्णा? नवरदेवाच्या फुडं कोन पळतंय?"

"तरी न्हाय."

"इतक्या लांबून नुसता जेवाय आलो म्हना की मी."

"मग बसा, आजून एक पेला आंबील घ्या," अण्णा म्हणाले, आणि स्वतः मडक्याकडं गेले.

खरं सांगायचं तर रशीदभाईंचं म्हणणं बरोबर होतं. वरातीत पुढं जायला कुणी सांगत नाही. हिशेबानं बघितलं तर अण्णांनी घोडी त्या दिवशी द्यायला हवी होती. त्यांनी दिली नाही, कारण चारचौघांत ती खोड आपली आहे हे बोलल्यावर ती दुसऱ्याच्या दाव्याला बांधणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. अण्णांनी चंद्रीला महिनाभर मामाच्या गावी ठेवून पाहिलं. पाखरीनं वैरण सोडली, फरशीवरचा आवाज रात्रंदिवस सुरू झाला, आणि आईनंच एक दिवस सांगितलं, "तिला आना, न्हायतर मला तरी कुठं पाठवा." चंद्री परत आली. पुढच्या जत्रांत पाखरी पळाली. सबजं घोडं पुढं असलं तर तिसऱ्या नाहीतर दुसऱ्या नंबराला यायची. नसलं तर जे पहिलं हाताशी लागेल त्याला धरायची आणि त्याच्याबरोबर कितवीही यायची. गावात पोरं तिला 'दुसरी' म्हणून हाक मारायला लागली. देवमण दाखवणारे यायचे बंद झाले. आई म्हणाली, चहापत्ती तरी वाचली. अण्णा पाखरीच्या अंगाला रोज स्वतः खरारा करायचे, आणि करता करता मध्येच थांबून हातातल्या ब्रशाकडं बघत राहायचे.

दरम्यान चंद्रीला आणखी एक शिंगरू झालं. नर, आईसारखाच सबजा होऊ घातलेला, पायांत वारं भरलेला. त्याचं वर्ष उलटलं. त्याला पाठीला लावायची वेळ झाली, टळूनही गेली. अण्णा सकाळी दोरी घेऊन तबेल्यात जायचे आणि दोरी तशीच घेऊन बाहेर यायचे. जुनी रीत त्यांना करवत नव्हती आणि दुसरी कुठली त्यांना ठाऊक नव्हती. शिंगरू मोकळं हुंदडत होतं. तात्या येऊन सांगून गेले, "अण्णा, ह्याचं वय चाललं. काय तरी करा." अण्णा म्हणाले, "करतो." पण केलं काही नाही.

एके सकाळी मी पाखरीला पाय मोकळे करायला माळावर नेलं. चंद्री घरी होती; एव्हाना पाखरी तिच्याशिवाय माळापर्यंत यायला लागली होती. मागून शिंगरू दावं तोडून आलं, आमच्या बाजूनं सूं करून पुढं गेलं आणि शेपूट वर करून उधळलं. पाखरीनं त्याला गाठलं. मला वाटलं, आता हे दचकून बाजूला होईल. तिनं नाक त्याच्या डाव्या कुल्ल्याशी नेलं आणि तिथं धरून ठेवलं. मागून कुणीतरी येतंय म्हणून ते आणखी पळालं. ही तेवढीच आली. ते आणखी पळालं. मागं वळून बघायचं आणि पळायचं. इतकं लहान शिंगरू इतक्या लांबवर, सरळ रेषेत, पुढं राहून पळताना मी कधी पाहिलं नव्हतं.

बांधावर अण्णा उभे होते. शिंगराला शोधत आले असावेत. त्यांनी हातांचा कर्णा करून हाक मारली.

"कांते! टाच मार!"

मी मारली. पाखरीचा कानसुद्धा हलला नाही.

"आजून मार! जोरानं!"

मी दोन्ही टाचा मारल्या, ओरडले, मानेवर थाप दिली. शिंगरू पुढं, पाखरी मागं, अंतर तेवढंच. माळ संपला तेव्हा मी तिला वळवली आणि धापा टाकत बांधापाशी आणली. शिंगरू आमच्याआधी येऊन अण्णांच्या खांद्याला तोंड घासत होतं.

"गेली का फुडं?" अण्णांनी विचारलं.

"न्हाय."

"आजाबात?"

"आजाबात न्हाय गेली."

अण्णांनी पाखरीच्या तोंडावरचा फेस आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसला. "बेस," ते म्हणाले. "उद्यापास्नं ह्याच्या मागं हिलाच ठिव."